तुळजाचा नंबर

मे महिन्यातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या ज्या पंचवीसेक दिवसांना मद्रासची माणसं कत्तिरी म्हणतात, त्यातला तो चौथा दिवस होता. सकाळचे नऊ वाजले होते आणि गल्लीतलं डांबर आताच चपलेला चिकटायला लागलं होतं. गिरीधरनं भट्टी पेटवली, जाळाला वारा लागू नये म्हणून पंख्याचं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि बनियनवर पाटावर बसला.

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. साहुकारपेठेच्या त्या गल्लीत गलाईच्या अशा तीसेक खोल्या होत्या, त्यातल्या निम्म्या सांगलीकडच्या माणसांच्या. सराफांकडचं मोडीचं सोनं यायचं. ते मुशीत वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं, टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध त्याचा आकडा, सांगायचा आणि लगड परत द्यायची. खानापूर तालुक्यातल्या गावातनं गिरीधर चौदाव्या वर्षी या कामाला आला, त्याला चाळीस वर्षं झाली. त्याच्याबरोबर काम करणारा महेश त्याच्याच गावचा, पस्तिशीचा, तोंडानं फटकळ आणि हातानं चांगला.

फोन वाजला तेव्हा मुशीतल्या सोन्याचं पाणी झालं होतं. अशा वेळी उठता येत नाही. गिरीधरनं एका हातात सांडशी धरली आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीनं फोन उचलला. पडद्यावर खाकी कपड्यातला माणूस दिसला. मागं कपाट, कपाटावर फायली.

"नमस्कार. तुळजाबाई आहेत का?"

मराठीत. स्वच्छ, पुण्या-मुंबईकडच्या मराठीत.

सहा महिन्यांत तुळजाबद्दल कुणी असं विचारलं नव्हतं. गावाकडच्यांना माहीत होतं, गल्लीला माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते तमिळ बोलणारे होते आणि ते तिच्याबद्दल विचारत नव्हते, दुकान उघडं आहे का एवढंच बघत होते. गिरीधरच्या तोंडातनं निघून गेलं, "हाईत की. भाईर गेल्यात."

"बरं. तुमच्या हातात काम दिसतंय काका. होऊ द्या. मी थांबतो."

आणि तो खरंच थांबला. गिरीधरनं मूस उचलली, साच्यात सोनं ओतलं. जाळाच्या झळीनं भुवया ताठ झाल्या. महेशनं साचा बाजूला ओढला. माणूस पडद्यावर तसाच बसून होता.

फोन त्याच्या बायकोचा, तुळजाचा होता. सगळंच तुळजाचं होतं. बारा वर्षांपूर्वी बँकेत आधारच्या यंत्रावर गिरीधरनं दाही बोटं दाबून बघितली होती आणि एकाही बोटाची रेघ उमटली नव्हती. तेजाबानं बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. मागं रांग थांबलेली, पुढं पोरगा वैतागलेला. "कैरेगै इल्ले," तो ओरडून सगळ्यांना सांगत होता, या माणसाच्या हाताला रेघाच नाहीत. लोक वळून हात बघायला लागले. तेव्हा तुळजा पुढं झाली. "माझ्या बोटाला रेघा हाईत की," म्हणाली. "माझंच घ्या." तेव्हापासून खातं तिच्या नावावर, सिम तिच्या नावावर, गॅस, वीज, दुकानातला पैसे घेण्याचा चौकोनी कागद, भिंतीवरचा पैसे आले की ओरडणारा डबा, कॅमेऱ्याचं ॲप, सगळं तिच्या नावावर. ती गेली मार्गशीर्षात. गिरीधरनं बँकेला कळवलं नाही. दर महिन्याला तो तिच्या नंबरचं रिचार्ज मारत राहिला आणि तिचाच पिन टाकत राहिला. गिऱ्हाईक तो कागद स्कॅन करायचं, फोनमध्ये नाव बघायचं आणि विचारायचं, "तुलजा, सरिया?" बरोबर ना? गिरीधर म्हणायचा, बरोबर.

"काका," पडद्यावरचा माणूस म्हणाला, "मी मुंबईहून बोलतोय, सायबर शाखेतून. सिद्धार्थ माझं नाव. बाईंच्या सिमवरून फसवणुकीचे व्यवहार झालेत. सतरा तक्रारी आहेत. बाईंना कॅमेऱ्यासमोर आणा, मी दोन मिनिटांत सोडतो."

"त्या... गावाला गेल्यात."

"आता तर बाहेर गेल्यात म्हणालात."

"म्हंजे गावालाच की."

माणसानं कागदावर काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. बाई येईपर्यंत तुम्ही डिजिटल अटकेत. फोन बंद करायचा नाही. खोलीतून बाहेर जायचं तर विचारून जायचं. कुणाला सांगितलंत तर त्यालाही आरोपी करावं लागेल. कळलं का काका?"

गिरीधरला कळलं ते एवढंच, की आपण पोलिसाला खोटं सांगितलं. आणि मेलेल्या बाईचा पिन सहा महिने दाबतोय, हे तर त्याहून मोठं. आता सांगावं, की साहेब, चुकलं, ती वारली. पण ते त्याच्यानं होईना. या गल्लीत कागद नसतो, तोंडाचा आकडा असतो. गलाईवाल्यानं एकदा टंच सांगितला की सांगितला. सकाळी एक आणि दुपारी एक असं बोलणाऱ्याच्या खोलीची पायरी पुन्हा कुणी चढत नाही. चाळीस वर्षांत गिरीधरनं सांगितलेला आकडा फिरवला नव्हता. हाईत म्हणून बसलो, आता आहेच म्हणायचं.

"कळलं," तो म्हणाला.

माणसानं आणखी एक काम सांगितलं. दुकानातल्या कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये एक आकडा येईल, तो वाचून दाखवायचा. गिरीधरनं वाचून दाखवला. थोड्या वेळानं आवाज आला, "तो निळ्या शर्टातला कोण?"

गिरीधरनं मागं बघितलं. फोन फळीवर होता, तिथनं महेश दिसत नव्हता. दिसत होता तो छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातनं.

दुसऱ्या दिवशी फोन चार्जरला लावून फळीवर उभा होता. रात्रभर तो उशाशी तसाच चालू होता. अंघोळीला जातानाही विचारून जावं लागलं, आणि सिद्धार्थ साहेबांच्या जागी बसलेल्या दुसऱ्याच माणसानं "पाच मिनिटं" म्हणून सांगितलं. गिरीधरनं घाईत दोन तांबे ओतून घेतले. साबणाचा फेस मानेवर तसाच राहिला.

महेश तेजाबाच्या भांड्यात सोनं सोडत होता. पिवळा धूर वर चढला. नाकाला फडकं बांधलेलं होतं, तरी त्याचं तोंड थांबत नव्हतं.

"आण्णा, कालधरनं बघतोय. फोनला हार घालायचा राहिलाय निस्ता. कोण हाय?"

"काम हाय."

"व्हिडिओवर कसलं काम? गावाकडनं स्थळ आलं का काय?" तो हसला. "आसंल तर सांगा की. वैनी जाऊन वरीस व्हायचं हाय म्हणून लाजताय व्हय?"

"महेश, तोंड बंद कर." गिरीधर इतक्या मोठ्यानं ओरडला की महेशनं चिमटा खाली ठेवला. गिरीधर फोनकडं बघत होता. ऐकलं असेल का? वैनी जाऊन म्हणाला. पडद्यावरचा माणूस चहा पीत होता. ऐकलं नसावं. किंवा वैनी गावाला गेली, असं वाटलं असावं.

दुपारचा डबा महेशनं बाहेर पायरीवर बसून खाल्ला.

साहेब दुपारी बोलायला लागले. बाईंची ओळख पटवायची होती. बाई समोर नाहीत, तर नवऱ्याच्या तोंडून.

"अंगावर खूण?"

"डाव्या भिवईवर. ल्हान होती तवा चुलीतलं लाकूड उडालं."

"शिक्षण?"

"चौथी. पर फोनमधलं सगळं तिला येतंय. मला न्हाई. पोरीकडनं शिकली. पैसं आलं का, गेलं का, समदं तीच बघती."

"स्वभाव?"

"आता स्वभाव काय सांगू साहेब. बोलती लई. तमिळ येत न्हाई म्हणती आन् भाजीवालीशी तासभर भांडती. कशात भांडती कुणास ठावं."

"जेवणात काय आवडतं?"

गिरीधर थांबला. "हा पण प्रश्न लिवलाय व्हय तुमच्याकडं?"

"लिहिलाय काका."

"करडईची भाजी. हितं मिळत न्हाई. गावाकडनं कुणी येणार असलं की तिचं आधी त्येच. पिशवीत घालून आणा म्हणती. दोन दिवसाच्या गाडीत सडून जाती, तरी निवडून पानपान काढती आन् करती."

तो बोलत गेला. भट्टीपुढं बसून, सांडशी हातात धरून, घाम पुसत. सहा महिन्यांत तो एवढा बोलला नव्हता. साहेब मध्येच "हं" म्हणत होते. लिहीत होते की नाही कोण जाणे. एकदा त्यांनी जांभई दिली. गिरीधरच्या लक्षात आलं की आपण सगळं 'आहे' असंच बोलतोय, आणि त्याचं त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

चारच्या सुमाराला मध्येच प्राचीचा फोन आला. प्राची त्याची एकुलती पोरगी, नुंगंबाक्कमला एका कंपनीत काम करणारी, अण्णा नगरला मैत्रिणींबरोबर राहणारी. तिचं मराठी तमिळमधून यायचं. साहेब म्हणाले, "घ्या. स्पीकरवर घ्या. जास्त बोलू नका."

"अप्पा, एन्ना आच्चु? काय झालं? कालपासून फोन बिझी बिझी येतो."

"काम हाय गं."

"काय काम? जेवलात का? बरं ऐका, मी पुढच्या वीकला हाफ डे टाकते. बँकेत जाऊ. अम्माचं ते सर्टिफि..."

"जाऊ, जाऊ," गिरीधर घाईनं म्हणाला. "ठेव आता. मूस तापलीय."

"प्रत्येक वेळी मूस तापते तुमची," ती म्हणाली आणि ठेवला.

गिरीधरनं फोन पुन्हा फळीवर उभा केला.

"मुलगी कुठं कामाला आहे काका?"

"नुंगंबाक्कमला," तो म्हणून गेला.

"चांगली नोकरी दिसते. तिच्या ऑफिसात नोटीस गेली तर बरं दिसेल का?"

मग जे व्हायचं ते झालं. दुकानाच्या रोजच्या खात्यात जे होतं ते तपासणीसाठी दुसऱ्या खात्यात पाठवायचं, तपासणी झाली की परत येईल. गिरीधरनं तुळजाचा पिन दाबला. पैसे आले की भिंतीवरचा डबा ओरडायचा, सगळ्या गल्लीला सांगायचा. गेले तेव्हा तो गप्प बसला.

तिसऱ्या दिवशी गिरीधरच्या हातून काम बिघडलं.

कोपऱ्यावरच्या सराफाचा मुनीम, जाडसर, नेहमी हातरुमालानं मान पुसणारा, सकाळी लगड घेऊन गेला होता. गिरीधरनं टंच सांगितला होता, त्यानं ऐकून घेतला होता. दुपारी तो परत आला. लगड पाटावर ठेवली, आवाज न करता.

"गिरी. मालकांनी दुसरीकडं बघायला लावली. एक टंच कमी येतोय."

तो हिंदी बोलत होता, पण टंच शब्द सगळ्या भाषांत सारखाच. शेजारच्या खोलीतले दोघं दारात येऊन उभे राहिले. पलीकडच्या खोलीतली भट्टीची फुंक थांबली. गिरीधरनं लगड घेतली, कोपरा कापला, पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसला. तासभर लागला. मुनीम स्टुलावर बसून मान पुसत होता. महेश काही न बोलता हाताला हवं ते पुढं करत होता. फळीवरनं साहेब बघत होते, छतावरनं आणखी कुणी.

तराजूचा काटा थांबला. मुनीमाचंच बरोबर होतं. सकाळी तपासताना गिरीधर साहेबांशी बोलत होता. तुळजाच्या माहेरची माणसं किती, ते सांगत होता.

"माझी चूक हाय," तो हिंदीत म्हणाला. "मी सांगितलेला आकडा चुकला. हा खरा."

दारातल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. महेशनं मान खाली घातली. मुनीम उठला, हातरुमाल खिशात घातला.

"ठीक आहे. खरा आकडा बोल, मी मालकांना तसं सांगतो." त्यानं ऐकला, मान हलवली आणि लगड घेऊन निघाला. पायरीवरून वळून म्हणाला, "उद्या माल घेऊन येतो. पंखा नीट कर तुझा, ही कसली खोली, भट्टीच आहे सगळी."

गिरीधर बसून राहिला. पंख्याचं पातं भिंतीला वारा घालत होतं. उद्या माल घेऊन येतो म्हणाला. हे त्याला दोनदा मनात म्हणून बघावं लागलं.

साहेबांना घाई झाली होती. त्या संध्याकाळी त्यांनी शेवटचं काम सांगितलं. बाईंच्या नावावर ठेव आहे ना? ती मोडून तपासणीच्या खात्यात भरायची, की प्रकरण बंद. बाई गावाला आहेत, तर अर्जावर त्यांची सही तुम्ही करा. नवरा-बायकोत चालतं. गिरीधरकडं मागं आणलेला कोरा अर्ज होता. त्यानं पाटावर कागद ठेवला, बाजूला तिचं जुनं पासबुक उघडं ठेवलं आणि बघून बघून सही काढली. तुळजा. दोनदा आधी वर्तमानपत्रावर सराव केला. तिसऱ्यांदा बरी जमली.

"छान," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो एग्मोरच्या बँकेत गेला. पूर्वी ते तिथं स्टेशनामागच्या चाळीत राहायचे, खातं तेव्हाचं. सांगितल्याप्रमाणं फोन शर्टाच्या वरच्या खिशात होता, कॅमेरा बाहेर काढून. रिक्षात बसल्यावर, चौकात थांबल्यावर, साहेब खिशातनं बोलत होते. "समोर बघा काका. वळू नका." शर्ट पाठीला चिकटला होता आणि फोन तापून छातीला चटका देत होता.

बँकेतल्या विजयालक्ष्मीबाई त्याला ओळखत होत्या. खरं म्हणजे तुळजाला ओळखत होत्या. त्यांचे पूर्वज तंजावरचे, तीनशे वर्षांपूर्वी आलेले, आणि त्या अजून तसलंच जुनं मराठी बोलायच्या. "तुमी कीर्तनात बोलल्यागत बोलता बाई," असं तुळजा त्यांना तोंडावर म्हणायची आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काचेखालून सरकवायची.

"यावें, यावें. बसा हो. एकटेच कां आलांत? तुळजाबाई कोठें?"

"घरी हाय."

"पुष्कळ दिवस झाले, दिसल्या नाहींत. आमची चटणी बंद जाली कीं." त्या हसल्या आणि हात पुढं केला. "काय आहे, द्या पाहूं."

त्यानं अर्ज दिला. त्यांनी चष्मा चढवला. वाचलं. गिरीधरच्या खिशाकडं एकदा बघितलं, पुन्हा अर्जाकडं. मग त्यांनी कागद उलटा केला आणि सहीच्या पाठीमागून अंगठा फिरवला. सावकाश, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"तुळजाबाई पेन दाबून लिहितात," त्या हळू म्हणाल्या. "मी नेहमीं सांगत्यें त्यांस, अहो कागद फाटेल. मागून हातास लागते त्यांची सही. ही लागत नाहीं."

वर पंखा फिरत होता. शेजारच्या खिडकीवर कुणीतरी टोकन नंबर ओरडत होतं.

त्याला वाटलं आता त्या पोलिसाला बोलावतील. मॅनेजरला बोलावतील. चोर म्हणतील. त्यानं खुर्चीची कड धरली. पण विजयालक्ष्मीबाईंनी चष्मा काढला आणि वेगळंच विचारलं.

"त्या बऱ्या आहेत ना हो?"

बरी आहे, म्हणायचं होतं. शब्द तयार होता. चार दिवस तो हेच म्हणत होता. पण काल दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, त्यानं एक आकडा फिरवला होता, आणि मुनीम उद्या येतो म्हणून गेला होता.

"न्हाई," गिरीधर म्हणाला. "वारली. मार्गशीर्षात."

"काय म्हणालात?" खिशातनं आवाज आला.

विजयालक्ष्मीबाई दचकल्या. त्यांनी काचेखालून हात पुढं केला, तळवा वर करून, जसा लहान मुलापुढं करतात. गिरीधरनं फोन काढून त्यांच्या हातात दिला. पडद्यावर खाकी कपड्यातला माणूस पुढं वाकला होता.

"कोण आपण?" बाईंनी विचारलं.

त्यानं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. "काका, बाई मेलीय? खरंच?"

"व्हय साहेब."

"मग आधी सांगायचं ना म्हाताऱ्या. चार दिवस घालवलेस आमचे. चार दिवस तुझी ती करडईची भाजी ऐकतोय." आणि पडदा काळा झाला.

गिरीधर त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिला. विजयालक्ष्मीबाईंनी फोन बाजूला ठेवला, शिपायाला पाणी आणायला सांगितलं, तक्रारीचा नंबर लावून दिला आणि दुकानाच्या खात्यातनं गेलेलं सगळं त्याच्या तोंडून वदवून घेतलं. मग त्यांनी तुळजाचं खातं थांबवलं. यंत्रात दोन कळा दाबल्या, एवढंच. त्याला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही.

"आतां कागद पुष्कळ लागतील," त्या म्हणाल्या. "पण तें मी पाहत्यें. लेकीस बोलवा."

प्राची अर्ध्या तासात आली, गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही विसरून. तिनं आधी विजयालक्ष्मीबाईंशी तमिळमध्ये भराभर बोलून घेतलं, मग फोन हातात घेतला आणि बघत बसली. तिचं बोट वर वर सरकत होतं.

"अप्पा. मंगळवारपासून. रात्रंदिवस. काल एकाच कॉलला नऊ तास." तिनं मान वर केली. "नऊ तास काय बोलत होतात तुम्ही त्याच्याशी?"

"तुझ्या आईबद्दल."

तिनं ओठ आत ओढून धरले. तुळजा रागात असंच करायची.

"माझ्याशी एक मिनिट नाही बोललात. सहा महिने. मी अम्मा म्हटलं की तुमची मूस तापते. आणि त्याच्याशी..." पुढचं तमिळमध्ये आलं आणि तेही अर्धवट राहिलं.

"त्यानं इचारलं," गिरीधर म्हणाला.

प्राचीनं ओढणीनं नाक पुसलं. विजयालक्ष्मीबाईंनी एका चिठ्ठीवर यादी करून दिली. कुठं कुठं कळवायचं. गॅस, वीज, घराचा करार, फोन. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला आणि आधारच्या दोन प्रती.

फोनच्या कंपनीचं दुकान पलीकडच्याच रस्त्यावर होतं. आत एसी होता, घामानं भिजलेल्या शर्टाला तो झोंबला. तीनचार माणसं पुढं होती. गिरीधरनं दाखला हातात धरला होता. सहा महिने तो देवाच्या फोटोमागं ठेवलेला होता, घडी मोडलेली नव्हती.

"प्राची," तो हळूच म्हणाला. "वारली म्हणायला तमिळमधी काय म्हणायचं?"

"मी सांगते ना त्यांना."

"नको. तू सांग मला."

चाळीस वर्षांत तो तमिळमध्ये सोन्याचा भाव बोलला होता, भाजी, भाडं, शिव्या, सगळं बोलला होता. हा शब्द त्याच्याकडं नव्हता.

"इरंदुट्टांग," प्राची म्हणाली. "मानानं बोलायचं तर असं."

"इरंदुट्टांग," त्यानं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. पुन्हा म्हटलं.

त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या पोरीनं वर न बघता हात पुढं केला. गिरीधरनं आधारची प्रत ठेवली, तुळजाच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इरंदुट्टांग."

पोरीनं वर बघितलं. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग प्राचीकडं, आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. नंबर बंद करायचा की घरच्या कुणाच्या नावावर करायचा, एवढंच तिनं विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

"बंद," प्राची म्हणाली.

"माझ्या नावावर," गिरीधर म्हणाला.

"अप्पा, तो नंबर आता त्यांच्या लिस्टमध्ये आहे. आज एक गेला, उद्या दुसरा करेल. परत करतील ते. परत विचारतील."

"करू दे," गिरीधर म्हणाला. "आता सांगंन."